गोखल्यांची लेखणी

पुण्यातील हिराबागेत १८८५ च्या सुमारास एक समारंभ होता. ज्यांच्याजवळ प्रवेशपत्रिका असेल त्यांनाच आत सोडावे, असे दारावरील स्वयंसेवकांना सांगून ठेवलेले होते. इतक्यात भारदस्त शरीराचे एक गृहस्थ दाराशी आले. त्यांच्याजवळ पत्रिका नव्हती. दारावर उभ्या असलेल्या कोवळ्या वयाच्या एका शिक्षकाने त्यांना नम्रपणे, पण निश्चयाने थांबविले. आलेले गृहस्थ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, आणि साऱ्या पुण्यात त्यांना मान होता. ओळखीची मंडळी लगबगीने पुढे झाली व त्यांना आत घेऊन गेली. रानड्यांना राग आला नाही. नियम म्हणजे नियम, असे मानणारा तो तरुण मात्र त्यांच्या लक्षात राहिला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. घरची स्थिती बेताचीच होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरांतील आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत साऱ्या घराचा खर्च भागे. हे गोपाळाला ठाऊक होते. म्हणून दिव्याचे तेल वाचविण्यासाठी तो रस्त्यावरील कंदिलाखाली बसून अभ्यास करी.

त्याच्या शाळेतील एक गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुरुजींनी घरून सोडवून आणावयास काही गणिते दिली होती. दुसऱ्या दिवशी पाहतात तो एकट्या गोपाळाची सगळी उत्तरे बरोबर! गुरुजींनी त्याला वर्गात वरच्या जागी बसावयास सांगितले. गोपाळ उठला नाही. उलट तो रडू लागला. एक गणित आपण दुसऱ्याच्या मदतीने सोडविले आहे, तेव्हा ही जागा आपली नव्हे, असे त्याने हुंदके देत सांगितले. ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक येथेच थांबतात. परंतु दुसऱ्याकडून घेतलेले आपले म्हणून मिरवावयाचे नाही, ही बुद्धी पुढे त्यांच्या लेखनात कशी उतरली, हे पाहणे अधिक मनोरंजक आहे.

१८८४ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले बी. ए. झाले. लगेच पुढच्या वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. वास्तविक मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना सहज मिळती. गोविंदरावांच्या कष्टांचे पांग फेडावयाचे, तर तोच मार्ग सोपा होता. पण टिळक आणि आगरकर यांनी स्वार्थत्यागाने चालविलेल्या या शाळेने त्यांचे मन ओढून घेतले, आणि बंधूंनीही अडविले नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला शिक्षक कमी पडेल तो विषय गोखल्यांकडे येई. सहकारी ना. ज. बापट यांच्यासमवेत त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तकही तयार केले. ते अनेक शाळांतून लागले आणि वर्षानुवर्षे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

इंग्रजी भाषेवर प्रभुत्व मिळविण्यासाठी गोखल्यांनी अपार श्रम घेतले. बर्कसारख्या इंग्रज लेखकांची पानेच्या पाने ते मुखोद्गत करीत. त्यांच्या वाणीला त्यामुळे सफाई आली. परंतु सुंदर वाक्य आणि खरे वाक्य यांत फरक असतो. तो फरक त्यांना पाठांतराने उमगला नाही. त्यासाठी रानड्यांच्या बैठकीत बसावे लागले.

सार्वजनिक सभा ही त्या काळी पुण्यातील मोठी संस्था होती. १८७० साली तिची स्थापना झाली. लोकांची गाऱ्हाणी समजून घ्यावयाची, सरकारचे कायदे आणि जमाखर्च तपासावयाचे, आणि जेथे अन्याय दिसेल तेथे सविस्तर अर्ज करावयाचा, असे तिचे काम होते. तिचे एक इंग्रजी त्रैमासिकही निघे. रानडे या साऱ्या कार्याचा प्राण होते. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या हाताखाली काम करू लागले आणि लवकरच त्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले.

ही एक निराळीच शाळा होती. तिच्यात विद्यार्थी एक आणि गुरू एक. पाठ्यपुस्तके म्हणजे सरकारी अहवालांचे ढीग! शेतसारा किती वसूल झाला, मिठावर कर किती बसला, सैन्यावर खर्च किती, शाळांवर किती, अशा आकड्यांची जाडजूड पुस्तके गोखल्यांपुढे येत. ती वाचावयाची, त्यांचे टिपण काढावयाचे, मागील वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहावयाचे, मग मसुदा लिहावयाचा, आणि तो रानड्यांना दाखवावयाचा. दिवसा कॉलेजात तास घेऊन आलेला हा तरुण रात्री दिव्यापाशी बसून असल्या रुक्ष पुस्तकांशी झुंजत असे.

रानडे मसुदा बारकाईने वाचीत. न्यायालयात पुराव्याची पारख करणारा तो माणूस. लेखातील विधानालाही ते साक्षीदारासारखेच उभे करीत. आधार नसलेले वाक्य, मग ते कितीही डौलदार असो, त्यांना खपत नसे. अतिशयोक्ती त्यांना आवडत नसे, आणि प्रतिपक्षाची बाजू वगळलेली तर मुळीच चालत नसे. मसुदा दुरुस्त होऊन परत येई. गोखले तो पुन्हा लिहून काढीत. पुन्हा दुरुस्त्या, पुन्हा लेखन! स्वतःचे लिहिलेले खोडावयास मोठे धैर्य लागते, आणि तरुणपणी तर ते फारच जड जाते. गोखले स्वभावाने हळवे होते. चूक दाखविलेली त्यांच्या मनाला लागे. तरीही ते रानड्यांकडे जाण्याचे चुकवीत नसत. सुमारे चौदा वर्षे, रानड्यांच्या अंतापर्यंत, हे गुरुशिष्यांचे नाते टिकले.

एकदा असे झाले की, दोघांनी खपून तयार केलेल्या एका अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर आले. अर्ज पोहोचला, एवढेच काय ते त्यात होते. गोखले खिन्न झाले. वाचण्याची तसदीही कोणी घेत नसेल, तर एवढे रक्त आटवावयाचे कशासाठी, असे त्यांनी गुरूंना विचारले. रानडे शांत होते. हे अर्ज वरवर सरकारला लिहिलेले असले, तरी खरोखर ते आपल्याच लोकांना लिहिलेले आहेत, असे त्यांनी समजावून सांगितले. अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांना शिकावयाचे आहे. राजकारण या देशात नवीन आहे. फळ आजच मिळाले नाही तरी हे काम वाया जात नाही, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. त्यानंतर गोखल्यांनी तसा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

१८९७ साली या शिक्षणाची पहिली मोठी परीक्षा झाली. हिंदुस्थानच्या कारभाराचा खर्च तपासण्यासाठी इंग्लंडात एक शाही आयोग बसला होता. लॉर्ड वेल्बी त्याचे अध्यक्ष असल्यामुळे त्यास वेल्बी आयोग म्हणत. त्याच्यासमोर साक्ष देण्यासाठी पुण्याच्या डेक्कन सभेने गोखल्यांना पाठविण्याचे ठरविले. लेखी निवेदन तयार करताना रानड्यांचे मार्गदर्शन होतेच. शिवाय गणेश व्यंकटेश जोशी यांचेही मोठे साहाय्य झाले. जोशी हे सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. आकडेशास्त्रात त्यांच्यासारखा जाणकार त्या काळी विरळा. स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहून त्यांनी कोष्टकांमागून कोष्टके तयार केली. गोखले त्यांना गुरुस्थानी मानीत आणि त्यांचे ऋण कधी लपवून ठेवीत नसत.

दिनशा वाच्छा यांच्याबरोबर गोखले निघाले. वाटेत कॅले येथे झालेल्या अपघातात त्यांच्या छातीला जबर मार बसला. पण दुखण्याचा बोभाटा न करता ते लंडनला पोहोचले. एप्रिल महिन्यात त्यांची साक्ष झाली. खर्चावर देखरेख कोण ठेवतो, खर्च कसा वाढत गेला, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात तो न्यायाने वाटला जातो काय, असे त्यांच्या निवेदनाचे तीन भाग होते. आयोगाच्या सभासदांनी दोन दिवस त्यांना प्रश्न विचारले. तीस वर्षे वयाचा पुण्याचा एक प्राध्यापक मुरलेल्या कारभाऱ्यांना आकड्यांनिशी उत्तरे देत होता! पुण्यात, मुंबईत त्यांची वाहवा झाली.

आणि त्याच वर्षी, त्याच इंग्लंडात, गोखल्यांच्या हातून ती चूक घडली.

पुण्यात तेव्हा प्लेगने हाहाकार मांडला होता. रोग आटोक्यात आणण्यासाठी रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या घेण्यात येत होत्या. सैनिक देवघरांत शिरत, सामानसुमान बाहेर फेकीत, आजारी समजून चांगल्या माणसांनाही घेऊन जात, अशी लोकांची ओरड होती. मित्रांकडून येणारी पत्रे वाचून लंडनमध्ये गोखल्यांचा जीव कासावीस होई. काही पत्रांत त्याहूनही भयंकर हकीकत होती. सैनिकांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली, असे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी ही हकीकत मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला सांगितली, आणि जुलैच्या आरंभी ती छापून आली.

इंग्लंडात एकच खळबळ उडाली. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. मुंबई सरकारने तो आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

पुरावा कोठे होता? गोखल्यांजवळ होती ती केवळ पत्रे. लिहिणारे त्यांचे विश्वासातले लोक होते. ते खोटे लिहितील असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु त्यांनी स्वतः काही पाहिलेले नव्हते. ऐकलेले लिहिले होते. इकडे २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या, आणि पुण्यात धरपकड सुरू होती. अशा वेळी पुढे येऊन साक्ष देण्यास कोण धजणार? ३० जुलैच्या सुमारास गोखल्यांची बोट मुंबईस लागली. त्यांनी मित्रांकडे कसून चौकशी केली. आरोप सिद्ध करता येईल असे काहीही हाती आले नाही.

आता दोन वाटा होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती, तर दोष त्यांच्यावर ढकलता आला असता. गोखल्यांनी ती नावे उघड केली नाहीत. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण जगासमोर बोललो, हा दोष त्यांनी एकट्याने पत्करला आणि वृत्तपत्रांतून जाहीर क्षमा मागितली. ती क्षमा निःसंदिग्ध होती. तिच्यात पळवाट ठेवलेली नव्हती.

लोकांना हे मुळीच रुचले नाही. झडत्यांमध्ये जुलूम झाला होता, हे तर पुण्यातील लहान मूलही सांगत होते. मग क्षमा कसली? गोखले भ्याले, असे पुष्कळांनी म्हटले. इंग्लंडात त्यांना खोटारडे ठरविण्यात आले आणि स्वदेशात दुबळे. त्या वर्षअखेर अमरावतीस काँग्रेस भरली, तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदललेली होती. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लोकांच्या साऱ्याच तक्रारी खोट्या होत्या, असे गोखल्यांनी म्हटले नव्हते. पण जे सर्वांना ठाऊक आहे ते, आणि जे दाखवून देता येते ते, यांच्यात एक दरी असते. ती दरी न पाहता त्यांनी पाऊल टाकले होते. रानड्यांकडे दहा वर्षे शिकलेल्या माणसाकडून हे व्हावे, याचे दुःख त्यांना सर्वांत अधिक झाले असले पाहिजे. रानड्यांनी मात्र शिष्याला अंतर दिले नाही. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला, तेव्हा गोखले स्वयंसेवकांबरोबर शहरात फिरून रोग्यांच्या मदतीचे काम करीत राहिले.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. गोखल्यांचे छत्र हरपले. त्याच सुमारास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर त्यांची निवड झाली, आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. हे भाषण सरकारला धक्का देणारे ठरले.

सरकारच्या तिजोरीत कित्येक कोटींची शिल्लक पडली होती. देश भरभराटीस आला याचेच हे चिन्ह, असे अधिकारी म्हणत. गोखल्यांनी हिशेब उलगडून दाखविला. हिंदुस्थानला दरसाल इंग्लंडकडे फार मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. पूर्वी रुपयाची किंमत घसरून सुमारे तेरा पेन्सवर आली, तेव्हा तेवढेच पौंड पाठविण्यास जास्त रुपये लागू लागले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले. पुढे सरकारने रुपयाची किंमत सोळा पेन्सपर्यंत वाढविली. आता रुपये कमी लागू लागले. पण वाढविलेले कर तसेच राहिले! शिल्लक आली ती येथून. आणि ही शिल्लक कोणत्या वर्षांत? ज्या वर्षांत दोन भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्याच वर्षांच्या आसपास. हे सारे आकडे सरकारचेच होते. गोखल्यांनी ते फक्त एकमेकांशेजारी मांडले. त्यामुळे नाकारावयास कोणास जागाच उरली नाही.

भाषणात त्यांनी मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली होती. तो तेव्हा दर मणास अडीच रुपये होता. गरिबाच्या भाकरीबरोबर लागणारे मीठ त्यामुळे महाग झाले होते. १९०३ साली कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया, आणि १९०७ मध्ये एक रुपया. ज्या अर्जांना एके काळी दोन ओळींची उत्तरे येत, त्या अर्जांचीच ही पुढची पाने होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवशी गोखले काय बोलतात, याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागे. त्यांची तयारी कधीच वरवरची नसे. ते जोशींना पत्रे लिहून शंका विचारीत आणि आकडे पुनःपुन्हा पडताळून पाहत. नामदार होऊनही विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले, तेव्हा इतर देशांनी मुलांच्या शिक्षणासाठी काय केले, याचे दाखलेही त्यांनी पुढे ठेवले. पुढच्या वर्षी ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. बिनचूक आकड्यांनीही प्रत्येक लढाई जिंकता येते असे नाही.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजामागील टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवेला वाहून घेणाऱ्या तरुणांसाठी ही संस्था होती. परंतु येणाऱ्या तरुणाला लगेच व्यासपीठावर उभे करीत नसत. पहिली पाच वर्षे त्याच्या शिक्षणाची असत. त्यांतील काही काळ पुण्यास ग्रंथांत आणि अहवालांत, आणि काही काळ देशाटनात जाई. रानड्यांनी एका शिष्याकडून करवून घेतले, तेच आता गोखले अनेकांकडून करवून घेऊ लागले. उतावळ्या मुलांना ही शिस्त जाचक वाटत असे, यात नवल नाही.

अतिश्रमाने गोखल्यांची प्रकृती खालावत गेली. १९१५ च्या जानेवारीत मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतून कायमचे स्वदेशी परतले. ते गोखल्यांना राजकीय गुरू मानीत. आफ्रिकेतील सत्याग्रहाने त्यांचे नाव देशभर झाले होते आणि त्यांनी बोलावे म्हणून लोक उत्सुक होते. गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले. वर्षभर देशात हिंडावे, डोळे आणि कान उघडे ठेवावेत, आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये.

त्या वर्षाचा शेवट पाहणे गोखल्यांच्या नशिबी नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्यांच्याशी त्यांचे जन्मभर मतभेद झाले ते लोकमान्य टिळक सिंहगडाहून खाली उतरले आणि अंत्ययात्रेस आलेल्या जनसमुदायापुढे त्यांनी गोखल्यांचा गौरव केला. गांधीजी तेव्हा बंगालमध्ये शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्यास आले, आणि मग आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात बसून गावोगाव फिरू लागले. वर्ष पुरे व्हावयाचे होते.